एप्रिलमध्ये बाग बोडकी का दिसते?

फुलझाडांविषयी या वेळी आलेल्या बहुतेक पत्रांत एकच तक्रार आहे: झाडं भरपूर, खतपाणी वेळेवर, पण रंग वर्षातले दोन-तीन महिनेच. त्यांतली काही पत्रं निवडून ही उत्तरं दिली आहेत. जागेअभावी प्रश्न थोडक्यात घेतले आहेत.

प्रश्न : घरापुढे 25 फूट लांब आणि 6 फूट रुंद पट्टा आहे. सकाळी आठ ते दुपारी दोन ऊन. जमीन काळी. मागच्या जूनमध्ये नर्सरीतून 14 झाडं आणली. गणपतीपर्यंत बाग भरलेली होती, दिवाळीनंतर उतरती कळा लागली आणि एप्रिलमध्ये एकही फूल नव्हतं. काय चुकलं? (वाचक, पुणे)

झाडं चुकली नाहीत, खरेदीचा महिना चुकला. नर्सरीत आपण डोळ्यांनी विकत घेतो. जूनमध्ये जे फुललेलं असतं तेच घरी येतं, आणि मग दरवर्षी जूनमध्येच फुलतं. खरेदीला निघण्याआधी कागदावर बारा महिने लिहा, आज बागेत असलेल्या झाडांची नावं ज्या त्या महिन्यासमोर मांडा आणि रिकामे महिने बघा. तुमच्याकडे ते नोव्हेंबर ते मे असणार. नवीन झाडं फक्त या महिन्यांसाठी घ्यायची.

सहा फूट रुंदीत मागे एक ओळ मोठ्या झुडपांची आणि पुढे एक ओळ कमरेखालच्या झाडांची मावते. मागच्या ओळीत पाच-पाच फुटांवर पाचच झुडपं लावा. कोपऱ्यात पारिजातक, तो ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत सडा घालेल. शेजारी कुंद, डिसेंबर ते फेब्रुवारी. मग धायटी. सह्याद्रीच्या उतारांवरचं हे झुडूप बागेत फारसं कोणी लावत नाही, याचं नवल वाटतं. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात, इतर झाडं धुळीनं मळलेली असताना, तिच्या जुन्या फांद्या बुडापासून शेंड्यापर्यंत शेंदरी-लाल नळीच्या फुलांनी भरून जातात आणि शिंजीर पक्षी दिवसभर तिथं लोंबकळत असतात. चौथी जागा नर्सरीत क्रेप मर्टल नावानं मिळणाऱ्या झुडपाला द्या. ही आपल्या ताम्हणाचीच ठेंगणी बहीण, मे ते ऑगस्ट गुलाबी किंवा जांभळे झुबके देते. पाचव्या जागी निळा चित्रक. तो थोडा थोडा का होईना, जवळजवळ वर्षभर फुलतो आणि बागेत निळा रंग मुळातच कमी असतो.

पुढच्या ओळीत अडीच फुटांवर तीन कोरांट्या (ऑक्टोबर अखेर ते जानेवारी), तीन मोगरे (मार्च ते जून) आणि पारिजातकाच्या विरळ सावलीत चार अबोली. अगदी कडेला तीन ठिकाणी दहा-बारा पावसाळी लिलीचे कांदे, चार-चार इंचांवर. मोठी सर पडून गेली की चार-पाच दिवसांत सगळे कांदे एकदम फुलतात. लिली एकेकटी सुटी लावली तर दिसतही नाही, घोळक्यानंच लावायची. आधीच्या 14 झाडांतली चार-पाच चांगली ठेवा, बाकीची कुंड्यांत हलवा.

आता काळ्या जमिनीबद्दल, कारण झाडं मरतात ती बहुधा इथंच. बरेच जण दोन फूट खड्डा खणून तळाशी विटांचे तुकडे घालतात आणि वर हलकी लाल माती भरतात. भोवतालच्या चिकट मातीतून पाणी बाहेर जात नाही, खड्ड्याचं टाकं होतं, आणि ऑगस्टमध्ये झाड पिवळं पडून बसतं. त्याऐवजी पूर्ण पट्टा फूटभर खणून काढलेल्या मातीतच शेणखत (दर झुडपामागे दोन घमेली, पूर्ण कुजलेलं) आणि पाव किलो निंबोळी पेंड मिसळा आणि पट्टा आजूबाजूपेक्षा सहा ते आठ इंच उंच करा. हे काम रोहिणीत उरकून घ्या आणि मृगाच्या दोन-तीन चांगल्या सरी झाल्यावर झाडं लावा. पिशवी फाडून काढल्यावर तळाशी मुळांची गुंडाळी दिसली तर ती धारदार चाकूनं कापून टाका. तशीच ठेवली तर दोन वर्षांनीही झाड जागेवर डुगडुगतं. खोडाचा बुंधा पिशवीत जितका उघडा होता तितकाच ठेवा, माती वर चढवू नका.

यानंतर कात्रीचा मुद्दा. सगळी झाडं एकाच दिवशी छाटणारा माळी पुढच्या हंगामाची फुलंही त्याच दिवशी कापून नेतो. क्रेप मर्टल नव्या फुटीवर फुलतो, तो जानेवारी-फेब्रुवारीत छाटा. धायटी जुन्या फांदीवर फुलते, तिला फुलं संपल्यावर मे महिन्यातच हात लावा. थंडीत छाटलीत तर त्या वर्षी फुलं विसराच. कुंद मार्चमध्ये छाटा आणि गणपतीनंतर त्याच्या वाटेला जाऊ नका. कोरांटी फेब्रुवारीत जमिनीपासून नऊ इंचांवर. पारिजातक फेब्रुवारी-मार्चमध्ये, तोही एक तृतीयांशच.

प्रश्न : गच्चीवर बोगनवेल आहे, 18 इंची कुंडीत. तीन वर्षांत दहा फूट वाढली, पानं टवटवीत, फुलं मात्र नावाला. दर पंधरा दिवसांनी शेणखताची स्लरी आणि रोज पाणी देतो. (वाचक, ठाणे)

लाड फार झाले आहेत. आपण ज्याला बोगनवेलीचं फूल म्हणतो ती रंगीत पानं असतात. जवळून बघितलंत तर तीन रंगीत पानांच्या मध्ये काडीपेटीच्या काडीइतक्या तीन बारीक नळ्या दिसतील, टोकाला पांढरट चांदणी. फूल ते. कोरडा काळ आला की वेल या पानांना रंग देते. भरपूर पाणी आणि नत्र मिळत राहिलं तर तिला हिरवी पानं काढण्यातच फायदा असतो.

डाळिंबाचा बहर धरतात तसाच इथं पाण्याचा ताण द्यायचा. हस्ताचा पाऊस ओसरला की ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात पावसात वाढलेले फोक एक तृतीयांश कापा. सरळ आकाशात गेलेले जाड, लांब काट्यांचे फोक तर बुडातून काढा, त्यांना फुलं येत नाहीत. स्लरी बंद. त्यानंतर पाणी तेव्हाच द्यायचं, जेव्हा सकाळी नऊ-दहाला पानं मलूल दिसतील. दुपारी मलूल दिसणं गृहीत धरू नका, कडक उन्हात ओल्या कुंडीतलीही पानं माना टाकतात. असं तीन-चार आठवडे केलंत की फांद्यांच्या टोकांना बारीक गुलाबी ठिपके दिसतील. इथं बहुतेकांची चूक होते: ठिपके दिसले तरी ताण चालूच ठेवतात आणि सगळा रंग गळून खाली येतो. ठिपके दिसल्याबरोबर मध्यम पाणी सुरू करा आणि एकदाच मोठा चमचाभर सिंगल सुपर फॉस्फेट व अर्धा चमचा सल्फेट ऑफ पोटॅश मातीत कालवा. युरिया अजिबात नको.

कुंडी बदलून मोठी करू नका. मुळं थोडी दाटलेली असली की ही वेल जास्त फुलते. आणि एक कटू गोष्ट: गच्चीवर थेट ऊन सहा तासांपेक्षा कमी असेल तर वरचं सगळं करूनही फार काही हाती लागणार नाही.

प्रश्न : शेवंतीच्या बारा कुंड्या एकाच वेळी, एकाच मातीत लावल्या. मागच्या अंगणातल्या सहा दिवाळीनंतर फुलल्या, फाटकाजवळच्या सहांना जानेवारीतही कळी नाही. फाटकाजवळचा पॉइन्सेटियाही हिरवाच आहे. (वाचक, नागपूर)

फाटकाजवळ रस्त्याचा दिवा आहे का? तुम्ही लिहिलेलं नाही, पण आम्ही पैज लावू.

शेवंती आणि पॉइन्सेटिया रात्रीचा सलग अंधार मोजतात. रात्री पुरेशा लांबल्या की कळी धरते. मध्यरात्री थोडा वेळ उजेड पडला तरी झाडाच्या हिशेबी एका लांब रात्रीच्या दोन छोट्या रात्री होतात. फुलणं लांबवण्यासाठी फूलशेतीवाले शेवंतीच्या शेतात रात्री मुद्दाम दिवे लावतात ते याच कारणानं. तुमच्याकडे हे काम दिवा फुकट करतो आहे.

सर्वांत सोपा उपाय म्हणजे सप्टेंबरच्या मध्यापासून कुंड्या मागच्या अंगणात ठेवणं आणि कळ्या रंग दाखवू लागल्यावर फाटकाजवळ आणणं. एकदा रंग आला की दिवा काही बिघडवत नाही. पॉइन्सेटिया जमिनीत असेल तर ऑक्टोबरपासून रोज संध्याकाळी सहा ते सकाळी आठ त्यावर जाड पुठ्ठ्याचं खोकं किंवा दुहेरी काळं सुती कापड, आठ ते दहा आठवडे. काळं प्लास्टिक नको, ऑक्टोबर हीटमध्ये झाड उकडून निघतं. लग्नाला गेलो म्हणून चार दिवस खोकं घालायचं राहिलं की वेळापत्रक तितकंच मागे ढकललं जातं. हे जमणार नसेल तर फाटकाजवळ कोरांटी किंवा टिकोमा लावा आणि मोकळे व्हा.

फुलं संपलेली शेवंती फेकू नका. सहा इंचांवर कापा, बुडख्याशी काश्या (नवे कोंब) फुटतात, त्या मुळांसकट वेगळ्या करून वाढवा. जून-जुलैत मोठ्या कुंडीत गेल्यावर चौथ्या आठवड्यात शेंडा खुडा, पंधरा ऑगस्टनंतर मात्र खुडणं बंद. उशिरा खुडलं तर कळीही उशिरा येते.

प्रश्न : अनंत आणि एक्झोरा, दोन्हींची नवी पानं पिवळी निघतात, शिरा हिरव्या. बोअरचं पाणी आहे. युरिया दिला, फरक नाही. (वाचक, लातूर)

फरक पडणार नाही. नत्र कमी असेल तर आधी जुनी, खालची पानं सबंध पिवळी होतात. तुमच्याकडे उलट आहे: नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या. ही लोहाची कमतरता. जमिनीत लोह नसतं असं नाही, चुनखडीच्या जमिनीत ते मुळांना घेता येत नाही. खात्रीसाठी चमचाभर कोरड्या मातीवर व्हिनेगरचे चार थेंब टाका. फसफसलं तर चुना आहे.

तात्पुरता इलाज फवारणी: एक लिटर पाण्यात आधी 1 ग्रॅम लिंबूसत्त्व, मग 2 ग्रॅम हिराकस म्हणजे फेरस सल्फेट. संध्याकाळी, ताजं करून, दहा-बारा दिवसांच्या अंतरानं तीनदा. शिळं द्रावण तांबूस होतं, ते निरुपयोगी. फरशीवर पडलं तर गंजाचे डाग पडतात, कुंडी बाजूला घेऊन फवारा. मातीत द्यायचं असेल तर हिराकस फुकट जातो. ईडीटीए प्रकारचं चिलेटेड (मुळांना घेता येईल अशा रूपात बांधलेलं) लोहही अशा जमिनीत टिकत नाही. पाकिटावर ईडीडीएचए लिहिलेलं लोह घ्या, मोठ्या झुडपाला 3 ग्रॅम पाण्यात विरघळवून मुळांशी. महाग आहे, पण चालतं.

लाल माती भरून प्रश्न सुटेल असं पुष्कळ जण सांगतील. बोअरचं जड पाणी तीही हळूहळू तशीच करून टाकतं. म्हणून आमचं मत सरळ आहे: अनंत आणि एक्झोरा कुंडीत ठेवा, लाल माती, पालापाचोळ्याचं खत आणि कोकोपीट समप्रमाणात, आणि त्यांना साठवलेलं पावसाचं किंवा एसीच्या नळीचं पाणी द्या. जमिनीतल्या जागा चुन्याला न घाबरणाऱ्या झाडांना द्या. पांढऱ्या रंगासाठी तगर, पिवळ्यासाठी टिकोमा, लाल-केशरीसाठी शंकासूर, गुलाबीसाठी कण्हेर. कण्हेर मात्र सर्वांगानं विषारी आहे, घरात रांगतं मूल किंवा गुरंढोरं असतील तर नको, आणि छाटलेल्या फांद्या शेकोटीत जाळू नका, धूरही बाधतो.

प्रश्न : मोगऱ्याला उन्हाळ्यात पाच-सहाच कळ्या येतात, त्यातल्याही काही जांभळट होऊन गळतात. (वाचक, सांगली)

पाच-सहा कळ्या म्हणजे छाटणी झालेली नाही. मोगरा नव्या फुटीच्या टोकाला कळी देतो. फुटी जितक्या जास्त, तितक्या कळ्या. डिसेंबरमध्ये पाणी तोडा, जमिनीत दहा-पंधरा दिवस, कुंडीत जेमतेम आठवडा. मग दीड फुटावर छाटा, काडीसारख्या बारीक आणि वाळक्या फांद्या बुडातून काढा, उरलेली पानं हातानं ओरबाडून टाका. बघवत नाही, पण करा. आळं खुरपून दोन ओंजळी शेणखत आणि दोन चमचे सुपर फॉस्फेट, मग भरपूर पाणी. जानेवारी अखेर फूट दिसते, मार्चपासून कळ्या. एक बहर संपला की प्रत्येक फांदीचा शेंडा दोन पानांच्या जोड्यांसह खुडा, म्हणजे पुढचा बहर लवकर येतो. सावलीत हे सगळं वाया जातं.

जांभळट कळी फोडून बघा. आत बारीक अळी किंवा तिची विष्ठा दिसेल. अशा कळ्या रोज वेचून गरम पाण्यात टाका, कुंडीत पडू देऊ नका. सोबत लिटरला 5 मिली निंबोळी तेल, चार थेंब भांड्याचा साबण, आठवड्याच्या अंतरानं दोनदा, संध्याकाळी.

प्रश्न : पावसाळ्यात आमच्याकडे सगळं कुजतं. निशिगंधाचे कांदे दोनदा गेले. भर पावसात रंग देणारं, दरवर्षी न लावावं लागणारं काय आहे? (वाचक, दापोली)

निशिगंधाचा हट्ट सोडा, किंवा कांदे कुंडीत पत्र्याखाली ठेवा. कोकणातल्या पावसाला कंदवर्गीय झाडं चांगली. सोनटक्का पहिला: एप्रिल-मेमध्ये कंद दोन इंच खोल, दीड फुटावर, विरळ सावलीत. ऑगस्ट ते ऑक्टोबर फुलं. फुलून गेलेला दांडा पुन्हा फुलत नाही, तो जमिनीलगत कापा. तीन-चार वर्षांनी बेट दाटतं, मधला भाग पोकळ होतो आणि फुलं कडेलाच येतात, तेव्हा उपटून वेगळं करा. सोबत कर्दळ, हेलिकोनिया आणि झुडपांत भूतकेस. फुलाजवळच्या पांढऱ्या पानासारख्या निदलांमुळे ते पावसाच्या अंधारातही लांबून दिसतं.

रानहळदही छान, पण तिची एक खोड आहे. दिवाळीनंतर ती पूर्ण जमिनीत जाते, वर काही राहत नाही. मग झाड मेलं समजून तिथं मिरची लावली जाते आणि कुदळीखाली कंद जातात. लावलेल्या जागी बांबूची खूण पुरून ठेवा.

जांभ्याच्या जमिनीत पाणी साचत नाही, तरी झाडं पिवळी पडतात, कारण खत वाहून जातं. मृगाच्या आधी दिलेलं ढीगभर खत खाडीलाच मिळतं. जूनच्या मध्यापासून जुलैअखेर काही देऊ नका, पालापाचोळ्याचं तीन इंच आच्छादन करा आणि ऑगस्टच्या उघडिपीत थोडं थोडं दोनदा द्या.

प्रश्न : बागेत कारवी लावता येईल का? (वाचक, सातारा)

उगवेल. पण कारवी साधारण सात वर्षांनी एकदा फुलते, बी धरते आणि मरते. सहा वर्षं खरखरीत पानं बघायची तयारी असेल, हाताशी डोंगरउताराची जागा असेल तर लावा. सहा फुटी पट्ट्यासाठी निळी-जांभळी कोरांटी त्याच कुळातली आहे आणि दरवर्षी फुलते.

प्रश्न : गणपतीला घरची लाल जास्वंद हवी. कुंडीतली जास्वंद दर हिवाळ्यात आत आणावी लागते आणि पानं गाळते. बाहेर टिकेल अशी कुठली? (वाचक, न्यू जर्सी)

हार्डी हिबिस्कस म्हणून तिकडे जी मिळते, ती घ्या. मूळची अमेरिकेतल्या दलदलीची, जास्वंदीच्याच प्रजातीतली, लाल रंगातही मिळते. थंडीत जमिनीपर्यंत मरते आणि मुळापासून पुन्हा फुटते. जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत फुलते, म्हणजे गणपती कुठल्याही तारखेला आले तरी सापडतात. फूल ताटलीएवढं, आठ इंचांपर्यंत, लहान मूर्तीपुढे जरा जास्तच मोठं. एकच दिवस टिकतं, सकाळी तोडा.

पूर्ण ऊन आणि भरपूर पाणी. पाणी कमी पडलं की कळ्या गळतात. शरदात वाळलेले दांडे तसेच राहू द्या, वसंतात पाच-सहा इंचांवर कापा, म्हणजे झाड कुठं आहे ते कळतं. फूट फार उशिरा येते, कधी मे अर्धा सरल्यावर, तोवर उकरून बघू नका. जूनमध्ये पानांची जाळी झालेली दिसली तर पानाखाली हिरव्या अळ्या असतात, त्या साबणाच्या पाण्यात झटका. जुलैत तांबूस-हिरव्या जपानी भुंगेऱ्यांचंही तेच करा. अमेरिकेत हा भुंगेरा पहिल्यांदा सापडला तो 1916 साली तुमच्याच राज्यात, त्यामुळे तो पुरता संपेल ही आशा नको.

जुनी जास्वंद ठेवायची असेल तर रात्रीचं तापमान 10 अंश सेल्सियसच्या खाली जायच्या आत ती घरात घ्या, दक्षिणेच्या खिडकीत. पाणी निम्म्यावर आणा, खत बंद. पहिल्या महिन्यात निम्मी पानं गळणारच. पानांखाली बारीक जाळं दिसलं तर लाल कोळी आहे, न्हाणीघरात नेऊन पानांची खालची बाजू शॉवरखाली धुवा.